मेद, चरबी की वसा? आणि जनुक 'नियंत्रण' ठेवतं म्हणजे काय?

प्रश्न (फोंडा):
वाचनालयात लठ्ठपणावर व्याख्यान आहे, टिपणांचं मराठी माझ्याकडे आलंय. एका वाक्यावर अडलेय: 'पीपार-गॅमा हा जनुक वसेच्या साठ्यावर नियंत्रण ठेवतो.' वाचताना दाताखाली खडा येतो. काय बदलू?

डिचोली:
'वसा' काढा बाय. शब्द संस्कृतच, पण या अर्थाने आपल्याला भेटतो तो तेलाच्या पाकिटावरच्या हिंदीत. आपल्याकडे वसा घेतात, उतत नाहीत, मातत नाहीत! पेशीला मेदपेशी, आतल्या पदार्थाला सरळ चरबी म्हणा.

म्हापसा:
चरबी म्हटलं की माज आठवतो. समोर वजनाने गांजलेली माणसं बसणार. 'अंगावरचा मेद' म्हणावं, पेशीतल्या थेंबापुरती चरबी चालेल. आणि 'तो जनुक' नव्हे, 'ते जनुक'.

मडगाव:
खरी अडचण 'नियंत्रणा'त आहे. 'शुगर नियंत्रणात आहे' म्हणजे वाढलेली नाही, असंच आपण समजतो. ऐकणाऱ्याला वाटेल, हे जनुक चरबी कमी ठेवतं. प्रकार उलटा आहे. त्याच्यापासून बनणारं प्रथिन डीएनएवर बसून दुसरी जनुकं चालू करतं. त्यातून मेदपेशी तयार होते, रक्तातली मेदाम्लं आत घेते, चरबीच्या थेंबाला पेरिलिपिन या प्रथिनाचं वेष्टन बसतं. उपाशीपोटी ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचा निरोप आला की त्या पेरिलिपिनला फॉस्फेट जोडलं जातं आणि चरबी फोडणाऱ्या विकरांना वाट मिळते. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीचं (बांधातल्या पाणझडपेचं) दार भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं, तसं. याला 'नियमन'च म्हणायचं.

पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी याच प्रथिनाला चेतवते. साखर उतरते, पण वजन वाढू शकतं. उलट ज्यांच्यात हे जनुक बिघडलेलं असतं, त्यांच्या हातापायांवर मेद धरत नाही. चरबी यकृतात जाते आणि मधुमेह होतो. साठवण म्हणजे रोग, असं वाक्यातून सुचू देऊ नका.

फोंडा:
मग असं लिहू? 'पीपार-गॅमा हे जनुक मेदपेशी घडवतं आणि तिच्यातल्या चरबीच्या साठवणीचं नियमन करतं.'

मडगाव:
'घडवतं'च्या जागी 'घडवून आणतं' करा. काम प्रथिन करतं, जनुकात त्याचा नुसता आराखडा असतो.

डिचोली:
सर, व्याख्यान अर्ध्या तासाचं आहे. 'घडवतं' राहू दे.