समरी सूटचं समन्स आलंय, तारखेपर्यंत थांबलं तर चालेल का?

कृष्णाकाठ: मामांच्या नावे परवा बेलीफ दिवाणी कोर्टाचं समन्स आणि दाव्याची नक्कल देऊन गेला. खासगी फायनान्स कंपनीचं २ लाखांचं पर्सनल लोन, मागणी ३,४२,००० ची. शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०२० मध्ये भरलाय, दावा जानेवारी २०२५ मध्ये दाखल झालेला दिसतो. शीर्षकाखाली 'आदेश ३७' असं लिहिलंय. तीन वर्षं उलटून गेलीत, हजर नाही राहिलात तरी दावा पडेल, असं ओळखीतले एक जण सांगतात. खरं का? आणि अटक होते का?

दिवाणी_गडी: थांबू नका. आदेश ३७ म्हणजे समरी सूट, कोर्टाच्या परवानगीशिवाय बचाव करता येत नाही असा झटपट दावा. साध्या दाव्यात लेखी कैफियतीला (दाव्याला द्यायच्या उत्तराला) ३० दिवस असतात, कोर्ट ९० पर्यंत वाढवून देतं. ते इथे विसरा. समन्स हातात पडल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवायची. वकीलपत्र आणि नोटिसा कुठे पाठवायच्या तो पत्ता कोर्टात द्यायचा, त्याच दिवशी वादीच्या वकिलाला कळवायचं, आणि कळवल्याचा पुरावा जपायचा. हे राहिलं तर दाव्यातलं सगळं कबूल धरून हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा निकाल, होतो.

मग वादी 'समन्स फॉर जजमेंट', म्हणजे निकाल मागणारं दुसरं समन्स, बजावतो. तिथून पुन्हा १० दिवस. त्यात प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागायची. बरेच लोक इथे घसरतात, थेट कैफियतच दाखल करतात. परवानगीशिवाय तिचा उपयोग नाही. दोन्ही टप्प्यांवर उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून माफीचा अर्ज करता येतो, पण त्या भरवशावर राहू नये.

प्रतिज्ञापत्रात 'रक्कम मान्य नाही' एवढं लिहून भागत नाही. कर्जखात्याचा उतारा आणि मामांचं पासबुक शेजारी ठेवा. भरलेला पण जमा न दाखवलेला हप्ता, करारात नसलेला दंड, व्याजावर लावलेलं व्याज, प्रत्येक बाब तारीख आणि आकड्यासकट मांडा. जेवढी रक्कम देणं आहे असं तुम्हीच मान्य कराल, तेवढी कोर्टात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही. म्हणून आकडा तोलून लिहा.

लिमिटेशनवाला: मुदतीचं त्या गृहस्थांचं गणित चुकलंय. तीन वर्षं हे बरोबर, पण कोविडमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टाने मुदतीतून वगळलाय. डिसेंबर २०२० चा हप्ता थकला असला तरी घड्याळ १ मार्च २०२२ पासून चालू झालं. जानेवारी २०२५ चा दावा मुदतीतच बसतो. हिशोब दावा दाखल झाल्या तारखेशी करायचा, समन्स केव्हा मिळालं त्याच्याशी नाही. शिवाय मुदत संपायच्या आत कर्ज मान्य असल्याचं सही करून लिहून दिलं असेल, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने सुरू होतात. मामांनी सेटलमेंटचं काही पत्र दिलंय का, ते आधी विचारा.

कृष्णाकाठ: पत्र दिलेलं नाही. समन्स घ्यायलाच नको होतं का?

दिवाणी_गडी: घेतलं ते बरं झालं. नाकारलं तर बेलीफ दारावर नक्कल चिकटवतो, तसा अहवाल देतो आणि कोर्ट बजावणी झाली असं धरू शकतं. मग १० दिवस तुम्हाला पत्ता न लागता संपतात. ई-कोर्ट्सच्या साइटवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा अक्षरं-आकडे मिळून १६ खुणांचा ओळख क्रमांक) टाकून दावा खरा आहे ना, तेही बघून घ्या. समन्ससारखे दिसणारे कागद वसुलीवाले व्हॉट्सअॅपवर पाठवतात.

दरखास्त_विभाग: अटकेचं: हा दिवाणी दावा आहे, समन्सवर कोणी पकडून नेत नाही. हुकूमनाम्यानंतर दरखास्त (वसुलीसाठीचा अर्ज) लागली तरी, ऐपत असून मुद्दाम देत नाही असं काही कोर्टाला पटलं तरच दिवाणी कैदेचा प्रश्न येतो. पगारावर जप्ती येऊ शकते. पहिले १,००० आणि उरलेल्याच्या दोन तृतीयांश रकमेला हात लागत नाही, म्हणजे ३१,००० पगारात १०,००० पर्यंत कापले जातील. पीएफ सुरक्षित. चेक बाउन्सची केस वेगळी, ती फौजदारी. तसा कागद असेल तर इथे लिहा.

आणि तडजोड करायची तर ती कोर्टात लेखी दाखल करा. हुकूमनाम्यानंतर वसुली एजंटला परस्पर दिलेले पैसे कोर्टात नोंदवले नाहीत, तर दरखास्तीत ते धरले जात नाहीत.