भंगारातील लाकडाचा भोवरा: आर मध्यावर कशी बसवावी?

प्रश्न (सहाण_ठाणे):
माझ्याकडे लाकूडकामाचा लहान लेथ (लाकूड फिरवून कातण्याचे यंत्र) आहे. मोडलेल्या सागवानी खुर्चीच्या पायापासून सहा वर्षांच्या भाच्यासाठी दोरीचा भोवरा करण्याचा विचार आहे. पायाची जाडी साधारण ५० मिलिमीटर असून त्यावर जुन्या तैलरंगाचे थर आहेत. भोवरा कातून झाल्यावर हाताने भोक पाडून खिळा (म्हणजेच आर, जिच्यावर भोवरा फिरतो) ठोकला, तर तो नेमका मध्यावर येईल याची खात्री कशी करावी?

उत्तर (कातारी):
आपण क्रम उलटा करावा, म्हणजे आकार नंतर आणि भोक आधी. ठोकळा लेथच्या चकमध्ये (फिरत्या पकडीत) पकडून त्याचे पुढचे तोंड सपाट करावे आणि टेलस्टॉकमध्ये (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधारात) ड्रिल चक (भोक पाडणारे बिट धरणारी पकड) लावून भोक पाडावे. लाकूड फिरते आणि बिट स्थिर राहते, त्यामुळे भोक आपोआप फिरण्याच्या अक्षावरच येते. त्याच भोकात रिव्हॉल्व्हिंग सेंटरचे (टेलस्टॉकमध्ये बसणाऱ्या, लाकडासोबत फिरणाऱ्या आधाराचे) टोक टेकवून बाहेरचा आकार कातला की भोक आणि आकार यांचा अक्ष एकच राहतो. सेंटरमुळे भोकाचे तोंड थोडे पसरते, म्हणून तेथे पाचसहा मिलिमीटर लाकूड जास्तीचे ठेवून ते शेवटी छाटावे.

खिळा ४ मिलिमीटरचा असल्यास भोक ३.५ मिलिमीटरचे ठेवावे, कारण सागवान टोकाकडून लवकर चिरते. खिळ्याचे डोके कापून ती बाजू लाकडाकडे येईल अशा रीतीने तो ड्रिल चकमध्ये पकडावा आणि टेलस्टॉकचे चाक फिरवून हळूहळू आत दाबावा. लेथवर हातोडी मारू नये. तिचे धक्के बेअरिंगला बसतात. आर आठ-दहा मिलिमीटर बाहेर ठेवून तिचे टोक कानशीने गोलसर करावे. पॉलिशपेपर लावण्यापूर्वी टूल रेस्ट (हत्यार टेकवण्याचा आधार) काढून ठेवावा आणि फिरत्या लेथवर हातमोजे घालू नयेत.

उत्तर (वखारवाला):
आरीविषयी वर सांगितले ते योग्यच आहे, पण माझी अडचण त्या पायाविषयी आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्यापूर्वीच्या तैलरंगात शिसे बरेच जास्त असू शकते आणि लेथ तो रंग भुकटी करून खोलीभर उडवतो. लहान मुलासाठी मी तो पाय वापरणार नाही. रंग न लावलेला बाभळीचा किंवा पेरूचा पूर्ण वाळलेला तुकडा वखारीत सहज मिळतो. पॅलेटचे (माल रचण्याच्या लाकडी चौकटीचे) लाकूड घेतल्यास त्यावर ‘एमबी’ हा शिक्का नाही ना, ते पाहावे. तो मिथिल ब्रोमाइडच्या धुरीचा शिक्का असतो. लाकडात जुने खिळे राहिले असतील, तर ते आधी काढावेत.

सहाण_ठाणे:
दोघांचेही आभार. मी बाभळीचा तुकडा आणतो. रंगासाठी काय वापरावे?

उत्तर (कातारी):
लाख वापरावी. कर्नाटकातील चन्नपटणाचे कारागीर लेथवर फिरणाऱ्या खेळण्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते आणि मग वाळलेल्या केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणली जाते. हळदीसारखा वनस्पतिज रंग घातलेली कांडी घेणे उत्तम. मात्र लाख वरच्या भागावरच द्यावी. दोरी गुंडाळायचा खालचा निमुळता भाग कोरा ठेवून त्यावर तीनचार बारीक खाचा पाडाव्यात, कारण गुळगुळीत लाखेवरून दोरी घसरते.