मदत हवी आहे : आपत्तीतील बचाव आणि सागरी सुरक्षा यांसाठी लहान होड्यांच्या स्थानाची एकच नोंद ठेवावी का?

नमस्कार. समुद्रावर उपजीविका असलेल्या किनारी वस्त्यांसाठी सज्जतेच्या आराखड्याचा मसुदा आम्ही काही जण तयार करत आहोत. त्यातील एका पेचावर प्रत्यक्ष काम केलेल्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

वादळ आणि त्सुनामीच्या पूर्वसूचनेबाबत आम्हाला फारशी शंका नाही. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे निवारे बांधले गेले आणि दारोदार जाऊन इशारा देणारे स्वयंसेवक तयार झाले, म्हणूनच २०२० च्या अम्फान वादळात तेथील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर तर कोणतेही यंत्र नसताना, १९०७ च्या त्सुनामीची आठवण आजी-आजोबांनी पुढच्या पिढ्यांना सांगत ठेवल्यामुळे २००४ मध्ये भूकंप होताच लोक टेकड्यांकडे धावले आणि जवळजवळ सगळे वाचले. वस्तीचा ज्यावर विश्वास असतो तोच इशारा पाळला जातो, असे माझे मत या उदाहरणांवरून बनले आहे.

खरी अडचण किनाऱ्यापासून दूर गेलेल्या होड्यांची आहे. स्वतःचे स्थान आपोआप कळवणारे एआयएस यंत्र आंतरराष्ट्रीय नियमांनुसार परदेशी फेऱ्या करणाऱ्या ३०० टन व त्याहून मोठ्या जहाजांना बंधनकारक आहे. लहान मासेमारी होड्या त्या कक्षेत येत नाहीत. तस्करी आणि बेकायदा मासेमारी रोखण्यासाठी प्रत्येक होडीवर असे यंत्र असावे, असे सुरक्षा यंत्रणांना वाटते, आणि तेच यंत्र संकटात त्या होडीचा ठावठिकाणाही सांगू शकते. मात्र आपली मासे मिळण्याची जागा इतरांना कळेल, किंवा प्रवाहाने हद्दीपलीकडे गेल्यास दंड होईल, या भीतीने मच्छीमार ते बंद ठेवतात. मला ही भीती अवाजवी वाटत नाही. परिणाम मात्र असा होतो, की वादळ आल्यावर शोध कोठे घ्यायचा हेच बचाव पथकाला कळत नाही.

म्हणून विचारतो, की स्थानाची माहिती मच्छीमारांच्याच सहकारी संस्थेकडे ठेवून, होडी परतली नाही किंवा तिने मदत मागितली तरच ती माहिती बचाव यंत्रणेला खुली करायची, अशी व्यवस्था कोणी चालवून पाहिली आहे का? संशयास्पद जहाजाची खबर देणाऱ्या मच्छीमाराचे नाव गुप्त राहील याची हमी त्यात कशी दिली होती? की सुरुवातीला ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकटसंदेश पाठवणारे बीकनच द्यावे? ते संकटातच सुरू होत असल्याने पाळतीचा प्रश्न उरत नाही, पण वादळाचा इशारा त्यावर होडीपर्यंत पोहोचत नाही, ही त्रुटी राहतेच.

आणखी एक शंका संपर्काची आहे. जानेवारी २०२२ मधील ज्वालामुखीच्या उद्रेकात टोंगाची समुद्राखालील केबल तुटली आणि मुख्य बेटावरील जोडणी पूर्ववत होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. अशा वेळी किनाऱ्यावरून होड्यांशी थेट बोलता येणाऱ्या व्हीएचएफ रेडिओचे केंद्र वस्तीनेच चालवावे असा आमचा विचार आहे. त्यासाठी वीज आणि रात्रपाळीची व्यवस्था कशी करतात?

कोणाकडे अशा व्यवस्थेची लेखी नियमावली असल्यास तिचा गोषवारा येथे द्यावा. प्रयोग फसला असेल, तर तो कोणत्या टप्प्यावर फसला हे कळणेही आम्हाला तितकेच उपयोगी पडेल.