रस्त्यावर भटकताना काढलेले फोटो : तुमचे अनुभव लिहा

उंबरठा
काल माळा आवरताना जुनी हार्ड डिस्क सापडली. २००९-१० च्या सुमारास रविवारी पहाटे सहाला कॅमेरा गळ्यात अडकवून मी पेठांतून फिरायचो. कसबा, शनिवार, नारायण. तेव्हा वाड्यांच्या दरवाज्यांचं वेड होतं. कड्या, कोयंडे, गणेशपट्टी, एकेका दरवाज्याचे पंधरा-पंधरा फोटो. मध्ये माणूस आला की तो जाईपर्यंत मी ताटकळत उभा.

काल ते सगळे दरवाजे पाहिले आणि वीस मिनिटांत कंटाळलो. मग रात्री दीडपर्यंत बघत बसलो ते चुकून आलेलं. पिवळी एसटीडी-पीसीओची पाटी, दांडीवर वाळणारं लुगडं, भिंतीला टेकवलेली लूना. एका फोटोत समोरच्या वाड्यातल्या काकू रांगोळी घालतायत, पण अर्ध्याच. दरवाजा मधोमध यावा म्हणून मीच त्यांना क्रॉप केलं होतं आणि मूळ फाइल ठेवली नव्हती. तो वाडा आता नाही. तिथे सात मजले आणि खाली मोबाइल कव्हरचं दुकान आहे.

तुमचेही किस्से लिहा. कॅमेरा, मोबाइल, काहीही चालेल.

चकलीसम्राट
फोटो दिसत नाहीयेत.

उंबरठा
परवानगी द्यायची राहिली. संध्याकाळी बघतो.

मेथीची_जुडी
मंडईच्या मनोऱ्याचा फोटो काढायला गेले होते. जमिनीवर बसून कोन लावतेय, तर मागून आवाज, "ए बाई, गिऱ्हाइकाची वाट अडवलीस!" मी सॉरी म्हटलं आणि त्या मावशींनाच विचारलं, तुमचा काढू का? म्हणाल्या, "आधी मेथी घे, मग काढ." चार जुड्या घेतल्या. पुढच्या महिन्यात प्रिंट नेऊन दिली तर बघून गप्प. मग म्हणाल्या, "पदर तरी सारखा करू द्यायचास." पुन्हा काढावा लागला. पुन्हा चार जुड्या. घरी नवऱ्याने विचारलं, हा छंद नक्की कशाचा आहे?

नुसताच_वाचक
मेथी कितीला होती?

मेथीची_जुडी
ते विचारू नका. फोटोग्राफरचा भाव लावला होता.

लोकल_८१४
१५ सप्टेंबर २०२३. बेस्टच्या बिगर-एसी डबलडेकरचा शेवटचा दिवस. ऑफिसात पोटदुखी सांगून अंधेरी पूर्वेला आगरकर चौकात गेलो. ४१५ नंबर. बस नटवलेली, आणि तिच्याभोवती मोबाइल धरलेले एवढे हात की माझ्या बावीस फोटोंपैकी एकातही अख्खी बस नाही. सगळ्यांत चांगला फोटो एका आजोबांचा आलाय. वरच्या मजल्यावर पहिल्या सीटवर बसून ते पुढच्या काचेतून बघतायत, अगदी लहान मुलासारखे. तेवढ्या गर्दीत एकटा तोच माणूस फोटो काढत नव्हता.
टाइप करतोय तोवर ठाणे आलं. बाकी नंतर.

जुना_रोल
तुम्ही लोक पंधरा-पंधरा फोटो काढता. वडिलांचा आग्फा क्लिक थ्री होता, एका रोलमध्ये बारा फोटो. बारा! त्यातले आठ मुंजीत, दोन सत्यनारायणाला. उरलेल्या दोनांत रस्त्याचा फोटो काढला तर घरात महिनाभर ऐकावं लागे. मी १९७८ मध्ये आमच्या गल्लीतल्या म्हशींचा काढला होता. आई अजून म्हणते, "तेव्हा आत्याचा काढला असतास तर." आत्याचा एकही फोटो नाही आमच्याकडे. म्हशी मात्र स्पष्ट आल्यात.

मेथीची_जुडी
अरेरे. आणि हसूही आलं, माफ करा.

मांडवीकाठ
दुसरी बाजू पण ऐका. आमच्या मामेसासूबाई पणजीला फोंतेन्हासमध्ये राहतात. रंगीत भिंत, छोटा सज्जा. म्हणजे रोज कोणीतरी त्यांच्या पायरीवर पाय टाकून पोज देणार. गेल्या वर्षी एका प्रीवेडिंगवाल्या पोराने तर त्यांनाच सांगितलं, "आंटी, दोन मिनिटं आत जाता का?" स्वतःच्या घराच्या दारातून! आता ‘फोटो काढू नये’ अशी पाटी लावलीये. परवा त्या पाटीसोबत सेल्फी काढताना एक जोडपं सापडलं.

चकलीसम्राट
पाटी पुण्याहून नेली होती का?

राइनकाठी
इकडे जर्मनीत १९०७ सालचा कायदा आहे. चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसाच्या संमतीशिवाय फोटो प्रसिद्ध करता येत नाही. सभा, मिरवणुकी असे काही अपवाद आहेत, पण कोणी रोखून बघितलं की माझं बोट आपोआप मागे येतं. सहा वर्षांच्या अल्बममध्ये अख्खं शहर पाठमोरं चाललंय. पुण्यात आलो की चहावाला स्वतःच म्हणतो, "थांबा, केस विंचरतो." मग तो फोटो पासपोर्टचा होतो, ही वेगळी अडचण.

कसब्याची_सून
कसबा वाचून आले. तांबट आळीतून जाताना मी कधी फोटो काढलाच नाही. ठोक्यांचा आवाज यायचा, मठारकाम चाललेलं असायचं, आणि त्यात सासूबाई घंगाळाचा भाव करत उभ्या. फोटोत तो आवाज थोडाच येणार, असं वाटायचं. आता व्हिडिओ काढतात पोरं. कोथरूडकडे कोणी कल्हईवाला येतो का हो अजून? दोन पातेली पडून आहेत.

नुसताच_वाचक
आमच्याकडे दिवाळीआधी एक येतो. नंबर व्यनि करतो.

उंबरठा
फोटो दिसायला हवेत आता. बघा.

कसब्याची_सून
दिसले! अहो, तिसऱ्यातली लूना आमच्या सासऱ्यांची वाटतेय. मागच्या सीटला तशीच निळी दोरी. नंबर वाचता येतो का?

उंबरठा
मोठं करून बघितलं. एमएच १२ एवढंच आहे. पुढचं मी कापलंय.

कसब्याची_सून
दोरी तीच आहे पण. ह्यांना दाखवते. कुकर झाला, येते.