विनोदी विज्ञानकादंबरी मंडळात एकत्र कशी वाचावी?

टिळकवाडीकर यांचा प्रश्न

नमस्कार. बेळगाव, येळ्ळूर, खानापूर आणि निपाणी येथे विखुरलेल्या आम्हा काही जुन्या मित्रमैत्रिणींचे एक वाचनमंडळ आहे. दर रविवारी रात्री जेवणे आटोपली की आम्ही व्हिडिओ कॉलवर जमतो आणि त्या आठवड्यासाठी नेमलेल्या भागावर बोलतो. आजवर आम्ही मराठी कथा-कादंबऱ्याच वाचत आलो. या खेपेस बंगळूरला नोकरीस असलेल्या मैत्रिणीच्या आग्रहावरून डग्लस ॲडम्स यांची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ ही कादंबरी मूळ इंग्रजीतून वाचावयास घेतली आहे.

पहिल्याच बैठकीत मंडळाचे दोन तट पडले. काहींना प्रत्येक पानावर हसू येत होते, तर काहींना यात हसण्यासारखे काय आहे हेच उमगत नव्हते. कादंबरीच्या आरंभीच पृथ्वी नष्ट होते, तेव्हा आमचा खानापूरचा मित्र अगदी मनापासून म्हणाला, “पृथ्वीच संपली, तर पुढे कोणाचे काय होते ते वाचायचे कशासाठी?” मंडळातील एक ज्येष्ठ सदस्य जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलेले आहेत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठवून पहिली आलेली नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांना जवळजवळ मुखोद्गत आहे. विज्ञानकथेत आधी विज्ञान पक्के असावे आणि मग त्यातून कथा उभी राहावी, अशी त्यांची धारणा असल्यामुळे त्यांना ही कादंबरी पोरकट वाटते आहे.

त्यांना पटवून देण्यासाठी ज्यांना हसू आले ते प्रत्येक विनोद उलगडून सांगू लागले आणि त्या उलगड्यात हसणाऱ्यांचेही हसू मावळले. कादंबरी सोडून देण्याची आमची इच्छा नाही. ज्यांना ती आवडली आहे त्यांना ती एकट्याने पुरी करायची नाही, आणि ज्यांना आवडली नाही त्यांनाही इतरांना काय दिसते आहे ते जाणून घ्यायचे आहे. आठवड्याला किती भाग घ्यावा, आणि विनोदावर चर्चा करावी की करू नये, याविषयी अनुभवी वाचकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शहापूरचा श्रोता

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या कादंबरीच्या जन्मातच आहे असे मला वाटते. ती मुळात कादंबरी नव्हती. ८ मार्च १९७८ रोजी बीबीसी रेडिओ ४ वर सहा भागांची एक नभोनाट्यमालिका सुरू झाली, ती लोकांनी उचलून धरली, आणि त्यातील कथाभागावरून ऑक्टोबर १९७९ मध्ये हे पुस्तक प्रसिद्ध झाले. म्हणजे ही वाक्ये आधी ऐकली गेली आणि मग वाचली गेली. कथा थांबवून मध्येच एखादी माहिती देणारे जे परिच्छेद आपल्या मित्रांना अडथळ्यासारखे वाटत असतील, ते मूळ मालिकेत निवेदकाच्या गंभीर, समजूतदार आवाजात येतात. अत्यंत वेडगळ गोष्ट तो निवेदक एखाद्या माहितीपत्रकातील मजकुरासारखी सांगतो. तो आवाज कानात नसेल, तर नुसत्या छापील मजकुरात ते परिच्छेद कोरडे वाटू शकतात.

म्हणून माझी सूचना अशी आहे की घरून वाचून येण्याचा नियम काही काळ बाजूला ठेवा आणि बैठकीतच अभिवाचन करा. अभिवाचन आपल्याकडे नवे नाही. बेळगावात आणि आसपासच्या गावांतील साहित्य संमेलनांत कथाकथनाला मंडप भरतो, हे आपण दर हिवाळ्यात पाहतो. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि ‘गणगोत’मधले त्यांचे ‘रावसाहेब’ तर आपल्या बेळगावचेच. ते व्यक्तिचित्र आपल्यापैकी कित्येकांनी आधी पु. लं.च्याच आवाजात ऐकले आणि मग पुस्तकात शोधून वाचले. रावसाहेबांच्या कानडी वळणाच्या मराठीतली लय एकदा कानावर पडली, की छापील ओळीही त्याच लयीत ऐकू येऊ लागतात. ॲडम्स यांच्या इंग्रजीचेही तसेच आहे.

पुस्तकात पस्तीस प्रकरणे आहेत आणि त्यांतील बरीच अगदी छोटी आहेत. एका बैठकीत दोन किंवा तीन प्रकरणे पुरेत. ज्याचे इंग्रजी वाचन सफाईदार आहे त्याने निवेदन वाचावे, पात्रांचे संवाद इतरांनी वाटून घ्यावेत. वाचणाऱ्याने स्वतः हसू नये आणि आवाजात नाटकीपणा आणू नये. सरळ, शांत, जबाबदार माणसासारखे वाचावे. हे पथ्य फार महत्त्वाचे आहे, कारण वाचणाराच विनोद दाखवू लागला की ऐकणाऱ्याला तो सापडल्याचा आनंद मिळत नाही.

मच्छे येथील वाचक

वरील सूचना मला पूर्णपणे मान्य आहे, परंतु खानापूरच्या मित्राचा प्रश्न त्यात मागे राहिला. त्यांना मी इतकेच सांगेन की त्यांनी पृथ्वीच्या नाशाचे प्रकरण क्षणभर बाजूला ठेवून पहिले प्रकरण पुन्हा वाचावे.

त्यात आर्थर डेंट नावाचा एक साधा माणूस सकाळी उठतो, तेव्हा त्याचे घर पाडण्यासाठी बुलडोझर दारात उभा असतो. घराच्या जागेवरून बायपास जाणार असतो. आर्थर चिखलात बुलडोझरसमोर आडवा पडतो. अधिकारी त्याला सांगतो की आराखडा नियोजन कार्यालयात नऊ महिने लोकांसाठी ठेवलेला होता, हरकत तेव्हाच घ्यायला हवी होती. तो आराखडा कोठे ठेवला होता, तर तळघरात, जिथे दिवा नाही आणि पायऱ्याही नाहीत, वापरात नसलेल्या स्वच्छतागृहातील कुलूपबंद कपाटाच्या तळाशी. थोड्याच वेळात अंतराळातून वोगोन नावाच्या परग्रहवासीयांची याने येतात आणि अंतराळातील बायपाससाठी पृथ्वी पाडण्यात येत असल्याचे जाहीर करतात. आराखडा पन्नास वर्षे अल्फा सेंटॉरी येथील कार्यालयात पाहण्यासाठी ठेवलेला होता, तेव्हा आता तक्रार करण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे असते.

हे वाचून बेळगावच्या माणसाला काही समजावून सांगावे लागेल असे मला वाटत नाही. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमीन घेण्यास येथील शेतकऱ्यांनी केलेला विरोध आणि त्यावरून झालेले न्यायालयीन दावे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. उभ्या पिकात शिरलेले यंत्र ज्याने बांधावर उभे राहून पाहिले आहे, त्याला आर्थर चिखलात का आडवा पडतो हे कोणी सांगण्याची गरज नाही. सरकारी कागदपत्रे मराठीतूनही मिळावीत ही सीमाभागातील मागणीही जुनीच आहे. हाती आलेली नोटीस ज्याला वाचता येत नाही, त्याला ‘हरकतीची मुदत होती’ हे वाक्य कसे ऐकू येत असेल, याचा विचार आपल्या मंडळाने अवश्य करावा. माझ्या मते आपल्या बैठकीत पहिले प्रकरण येळ्ळूरच्या सदस्याने वाचावे, कारण बायपासचा हा वाद त्यांच्याच परिसरातला आहे.

आपल्या ज्येष्ठ सदस्यांच्या आक्षेपाचे उत्तरही येथेच मिळते. नारळीकर विज्ञानातील एखादा नियम घेऊन तो कोठवर जातो ते पाहतात. ॲडम्स कचेरीचा नियम घेतात आणि तो विश्वाच्या टोकापर्यंत नेतात. पद्धत तितकीच काटेकोर आहे, ताणलेली गोष्ट तेवढी निराळी आहे.

चिकोडीची विज्ञानशिक्षिका

विनोदावर चर्चा करावी की नाही, याविषयी माझे मत वरील दोघांपेक्षा थोडे वेगळे आहे. स्पष्टीकरण टाळू नका, मात्र ते वाचनाच्या आधी द्या. बैठकीच्या आरंभी एका सदस्याने पाच मिनिटे त्या भागापुरती आवश्यक माहिती सांगावी आणि मग वाचन सुरू झाल्यावर कोणीही मध्ये बोलू नये.

उदाहरणार्थ, वर उल्लेख झालेली अल्फा सेंटॉरी ही खरोखरच सूर्याला सर्वांत जवळची ताऱ्यांची प्रणाली असून ती सुमारे ४.३७ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे तेथे लावलेल्या नोटिशीची बातमी प्रकाशाच्या वेगाने निघाली तरी येथे पोहोचण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागेल. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे; त्या वेगाने तेवढे अंतर कापण्यास सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. हे आधी ठाऊक असले की पन्नास वर्षांच्या मुदतीचे वाक्य ऐकणाऱ्याला आपोआप भिडते. पुढे एका अशक्यप्राय तत्त्वावर चालणारे यान येते, तेथे गरम चहाच्या कपाचा उपयोग ब्राउनीय गतीसाठी केलेला आहे. द्रवातील सूक्ष्म कण रेणूंच्या धडकांमुळे सतत वेडेवाकडे हलत असतात, हे रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये पाहिले आणि आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये त्याचे गणित मांडले. द्रव जितका गरम, तितकी ही हालचाल अधिक. म्हणजे चहा गरम असणे हे तेथे शास्त्राला धरूनच आहे! आपल्या ज्येष्ठ सदस्यांनाच ही पाच मिनिटे दरवेळी द्यावीत, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते. कादंबरीत बेबल फिश नावाचा एक मासा आहे. तो कानात घातला की विश्वातील कोणतीही भाषा समजते. त्याच्याविषयीच्या मजकुराच्या अखेरीस लेखक म्हणतो की संवादातील सर्व अडथळे दूर केल्यामुळे या माशाने इतिहासातील सर्वाधिक आणि सर्वांत रक्तरंजित युद्धे घडवून आणली. माझ्या घरची भाषा कन्नड आहे आणि शिक्षण मराठीत झाले. आमच्या गटात हे वाक्य वाचून झाल्यावर सगळेच जपून बोलू लागले, कारण येथे भाषेविषयी बोलताना प्रत्येकाच्या मनात काहीतरी दुखरे असते. आम्ही त्या दिवशी विषय बदलला नाही. एकमेकांची भाषा पूर्ण समजत असूनही माणसे का भांडतात, या एकाच प्रश्नावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बोललो, आणि आमच्या गटात इतके मोकळे बोलणे पूर्वी झाले नव्हते. आपल्या मंडळातही दोन्ही भाषांची माणसे असतील, तर त्या प्रकरणासाठी एक संपूर्ण बैठक राखून ठेवावी.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. येत्या रविवारी पहिले प्रकरण येळ्ळूरचा मित्र वाचेल असे ठरले आहे आणि ज्येष्ठ सदस्यांनी अल्फा सेंटॉरीचे टिपण तयार करण्याचे आनंदाने मान्य केले आहे. एक अडचण तेवढी उरते. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात वीज जाते, नेटवर्कही राहत नाही, आणि आमचा मित्र अर्ध्या बैठकीतून तुटतो. तसेच जीवन, विश्व आणि सर्व काही यांविषयीच्या अंतिम प्रश्नाला कादंबरीतील महासंगणक देतो ते ‘४२’ हे प्रसिद्ध उत्तर एका सदस्याने आधीच सांगून टाकले आहे. त्याने काही बिघडेल का?

शहापूरचा श्रोता

काहीही बिघडणार नाही. ते उत्तर काढायला त्या संगणकाला पंचाहत्तर लाख वर्षे लागतात आणि त्यानंतर मूळ प्रश्न नेमका काय होता हेच कोणाला ठाऊक नाही असे उघड होते. खरी गंमत तेथून पुढे सुरू होते, ती कोणी सांगितली नसेल अशी आशा करतो. नेटवर्कसाठी एक करा: प्रत्येकाने आपला भाग शनिवारीच ध्वनिमुद्रित करून गटात टाकावा, म्हणजे खानापूरच्या मित्राला नेटवर्क मिळेल तेव्हा तो उतरवून घेता येईल आणि वीज गेली तरी ऐकता येईल. फाइली प्रकरणानुसार वेगळ्या आणि लहान ठेवाव्यात, नाहीतर कमी नेटवर्कमध्ये त्या उतरत नाहीत.