परदेशी मोहिमेवरून परतलेल्या माजी सैनिकाला लागणारा दम : बेळगाव भागात तपासणी कशी करून घ्यावी?

खानापूरकर :
माझे वडील, वय ५८, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत वर्षभर ते काँगोतील गोमा येथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होते. २००२ साली न्यिरागोंगो ज्वालामुखीचा लाव्हा त्या शहरातून वाहिला. त्याची काळी धूळ गाड्यांमागे उडत असे आणि छावणीलगत कचरा जाळला जाई, असे ते सांगतात. गेल्या दिवाळीत राजहंसगडाच्या चढावर ते तीनदा थांबले, आणि तिन्ही वेळा बुटाची नाडी सुटल्याचे निमित्त केले. डॉक्टरांनी विडी ओढता का, एवढेच विचारले (ते कधीच ओढत नव्हते), एक्स-रे स्वच्छ आहे म्हणाले आणि वयावर बोट ठेवले. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड आहे. पुढे काय करावे?

निपाणीचे मामा (निवृत्त नर्सिंग असिस्टंट) :
एक्स-रेवर थांबू नका. बेळगावच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून छातीविकार तज्ज्ञाकडे रेफरल घ्या आणि स्पायरोमेट्री (नळीत फुंकून श्वास मोजण्याची चाचणी) इन्हेलरच्या आधी व नंतर, अशी दोन्ही वेळा करवून घ्या. ती सामान्य आली तरी दम लागतच असेल, तर फुप्फुसातून रक्तात वायू कितपत उतरतो हे मोजणारी डीएलसीओ चाचणी आणि एचआरसीटी (छातीचे बारकाईचे सीटी स्कॅन) यांविषयी तज्ज्ञांना विचारा. डीएलसीओचे यंत्र सगळीकडे नसते, त्यामुळे फोन करूनच निघा. इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्या, दम लागणाऱ्या अमेरिकी सैनिकांविषयी २०११ साली एक शोधनिबंध आला होता. त्यांपैकी ४९ जणांच्या फुप्फुसाचा तुकडा तपासला असता ३८ जणांत सूक्ष्म श्वासनलिका आकसल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुतेकांच्या साध्या चाचण्या जवळपास सामान्यच होत्या. याचा अर्थ वडिलांना तोच आजार आहे असा नव्हे, आणि तुकडा काढणे हा तर अगदी शेवटचा उपाय. मात्र कोठे, किती महिने, कसला धूर, हे एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. मिशनच्या नेमणुकीची पार्ट टू ऑर्डर (सैन्यातील अधिकृत नोंद) आणि रिलीज मेडिकल बोर्डाचे (निवृत्तीवेळच्या वैद्यकीय तपासणीचे) कागद शोधा. पुढे पेन्शनचा दावा करायचा झाल्यास तेच उपयोगी पडतात.

उद्यमबागवाला :
मामांचे म्हणणे योग्यच आहे. फक्त सगळा दोष काँगोवर ढकलू नये. आमच्याकडे पुष्कळ माजी सैनिक निवृत्तीनंतर फाउंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) लागतात. मोल्डिंगच्या रेतीतील सिलिका फुप्फुसात बसते, तिचा त्रास अनेक वर्षांनी दिसतो आणि तिच्यामुळे क्षयाचा धोकाही वाढतो. वडील तेथे होते का? असल्यास तेही त्याच कागदावर लिहा आणि खोकला असेल तर थुंकीची तपासणी टाळू नका.

खानापूरकर :
मामा, बाबांची काळी ट्रंक उघडली. पार्ट टू ऑर्डरची प्रत निवृत्तीच्या कागदांखाली सापडली. उद्यमबागवाले दादा, तुमचा प्रश्न वाचून दाखवल्यावर बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "चार वर्षे गेटवर होतो, पण माणूस कमी पडला की आत रेती चाळायला जायचो." घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते. सोमवारी रेफरल घ्यायला निघतो आहोत.