जर्मनी: भारतीय लायसन्सचे ६ महिने संपत आलेत, पुढे काय?

नेकारकाठ विचारतात:
श्टुटगार्टला आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) होऊन साडेतीन महिने झाले. पुणे आरटीओचं लायसन्स आहे, ९ वर्षं जुनं, कार आणि गिअरची बाइक दोन्ही. भारतीय लायसन्स इथे ६ महिनेच चालतं; पुढे जर्मन लायसन्ससाठी कुणी म्हणतं नुसतं बदलून मिळतं, कुणी म्हणतं पहिल्यापासून शिकावं लागतं. खरं काय? अर्ज टाकला असेल तर ६ महिन्यांनंतरही भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते का? आणि परीक्षेत आपले लोक नेमके कुठे अडकतात?

गिअरबॉक्स:
दोन्ही अर्धवट खरं. ज्या देशांची लायसन्सं परीक्षेविना बदलून मिळतात त्यांची यादी जर्मन लायसन्स नियमावलीच्या परिशिष्ट ११ मध्ये आहे. भारत त्यात नाही. म्हणून लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. पण नवशिक्याला सक्तीचे असलेले थिअरीचे १४ वर्ग आणि १२ खास तास (५ गावाबाहेरचे, ४ आउटोबानचे म्हणजे द्रुतगती महामार्गाचे, ३ अंधारातले) तुम्हाला माफ. या प्रकाराला उमश्राइबुंग म्हणतात. फारशूलमध्ये (ड्रायव्हिंग स्कूलमध्ये) पहिल्याच वाक्यात हा शब्द वापरा, नाहीतर पूर्ण कोर्सचं पॅकेज समोर येईल.

अर्ज टाकल्याने मुदत वाढत नाही. ६ महिने संपले की त्या लायसन्सवर गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं, आणि इथे तो नुसता दंडाचा विषय नाही, फौजदारी गुन्हा आहे. मध्ये भारतात जाऊन आलात म्हणून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. मात्र उमश्राइबुंगचा हक्क ६ महिन्यांनी जात नाही. जर्मन लायसन्स मिळेपर्यंत फक्त फारशूलच्या गाडीत, शिक्षक शेजारी असतानाच चालवायचं.

फ्युररशाइनष्टेलेत (लायसन्स देणाऱ्या सरकारी कार्यालयात) लागतं ते असं: पासपोर्ट, पत्त्याचा दाखला, बायोमेट्रिक फोटो, मूळ लायसन्स आणि त्याचं भाषांतर, डोळ्यांची तपासणी (चष्म्याच्या दुकानात होते, दाखला २ वर्षं चालतो) आणि प्रथमोपचाराचा कोर्स. कोर्स ४५ मिनिटांचे ९ तास, एका दिवसात उरकतो; मोठ्या शहरात इंग्रजीतही मिळतो. फारशूलचं नावही अर्जात द्यावं लागतं, म्हणून आधी ती ठरवा. फाइल हलायला कित्येक आठवडे लागतात. थिअरीचा अभ्यास त्याच काळात करा.

उजवा_कोपरा:
भाषांतराबद्दल भर. आपलं कार्ड इंग्रजीत असलं तरी भाषांतर मागतात, कारण एलएमव्ही (आपल्याकडचा हलक्या गाड्यांचा वर्ग) म्हणजे इथला कोणता वर्ग हे त्यात लिहिलेलं असतं. आडाएत्से (ADAC, इथला मोटार क्लब) किंवा शपथबद्ध भाषांतरकाराकडून करा. पहिल्या ६ महिन्यांत गाडी चालवतानाही ते (किंवा इंटरनॅशनल परमिट) जवळ लागतं. नुसतं परमिट, मूळ लायसन्स नाही, हे चालत नाही.

बाइकची परीक्षा वेगळी. दोन्ही एकदम करायला गेलात तर खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. आधी कारचा बी वर्ग घ्या.

आणि कार्डाची मनाची तयारी ठेवा: जर्मन लायसन्स देताना भारतीय कार्ड काढून घेतात. दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत आधीच काढून ठेवा.

थिअरीवाला:
लेखीत ३० प्रश्न, प्रत्येकाला २ ते ५ गुण. १० चूकगुणांपर्यंत पास, पण ५ गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज १० असूनही नापास. एका प्रश्नाला एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं असू शकतात. एक टिक राहिली तरी अख्खा प्रश्न गेला. परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदीत नाही. काही प्रश्नांना व्हिडिओ असतो; तो ५ वेळा पाहता येतो, पण प्रश्न उघडला की व्हिडिओकडे मागे फिरता येत नाही. तेव्हा आरशात कोण दिसतंय, बोर्ड कोणता गेला, हे टिपूनच पुढे जा.

आकडे पाठ हवेत. वेगाला (ताशी किमी) १० ने भागून ३ ने गुणलं की प्रतिक्रियेचं अंतर. १० ने भागून वर्ग केला की ब्रेकचं. ५० च्या वेगाला १५ अधिक २५, म्हणजे ४० मीटर. इमर्जन्सी ब्रेक असेल तर ब्रेकचं अंतर निम्मं धरायचं. सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर, बाहेर २ मीटर.

लेखी पास झाल्यापासून १२ महिन्यांत प्रत्यक्ष परीक्षा झाली पाहिजे.

नेकारकाठ:
धन्यवाद. ९ वर्षं चालवतोय, तर प्रत्यक्ष परीक्षेला २-३ तास पुरतील ना?

गिअरबॉक्स:
इथेच गणित चुकतं. हात बसलेला असतो तो तिकडच्या रस्त्याला. परीक्षा एकूण ५५ मिनिटांची, त्यात निव्वळ गाडी चालवणं निदान ३० मिनिटं. परीक्षक मागे बसतो, शिक्षक शेजारी. शिक्षकाला पेडल दाबावं लागलं की खेळ संपला.

सगळ्यात जास्त बळी शुल्टरब्लिकचे. लेन बदलताना, रस्त्याकडेने निघताना, उजवीकडे वळताना मान वळवून खांद्यावरून बघायचं. नुसता आरसा चालत नाही, कारण उजवीकडे वळताना सायकलवाला नेमका आरशाच्या आंधळ्या जागेत असतो.

दुसरं, रेश्ट्स फोर लिंक्स. बोर्ड वा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, त्याची गल्ली कितीही बारीक असो. ३० च्या झोनमध्ये हे दर शंभर पावलांवर येतं. पण ती 'गल्ली' जर गाडीसाठी कड खाली उतरवलेल्या फुटपाथवरून बाहेर येत असेल, तर थांबायचं त्याने. इथे उगाच थांबलात तर तीही चूक. म्हणून वेग आधी कमी करा, उजवीकडे बघताय हे दिसू द्या, मग ठरवा.

स्टॉपच्या बोर्डाला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. हाफ क्लचवर सरकत राहणं म्हणजे थांबणं नव्हे. आउटोबानवर चढताना वेग वाढवण्यासाठीची लेन पूर्ण वापरा. घाबरून तिच्या टोकाशी थांबणारे बरेच.

आणि डिपर! आपल्याकडे डिपर म्हणजे 'मी येतोय, बाजूला हो'. इथे समोरचा बहुतेकदा 'तुम्ही जा' असा अर्थ घेतो. परीक्षेत त्याला हातच लावू नका.

तासांचं विचाराल तर एक तास घेऊन शिक्षकालाच विचारा. तयारी नसेल तर तो परीक्षेला बसवणारच नाही.

उजवा_कोपरा:
सूचना जर्मनमध्ये येतात, तेव्हा शिक्षकाशी जर्मनमध्येच सराव करा: लिंक्स आबबीगन (डावीकडे वळा), रेश्ट्स रानफारन (उजवीकडे कडेला घ्या), वेंडन (गाडी उलट फिरवा). काहीच सांगितलं नाही तर सरळ जायचं. निघण्यापूर्वी गाडीबद्दलही विचारतात: टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर, फॉगलाइटचं बटण कुठे, ऑइल कसं बघायचं.

ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर सहसा कार्डावर ७८ हा आकडा येतो आणि गिअरची गाडी बंद. क्लचची सवय आहेच, तर गिअरच्याच गाडीवर द्या. तुमचं लायसन्स ९ वर्षांचं असल्याने नवख्यांची २ वर्षांची प्रोबेत्साइट (प्रोबेशनचा काळ) लागणार नाही. जुना काळ धरला जातो. त्यासाठी भाषांतरात मूळ लायसन्सची तारीख आली आहे ना, तेवढं बघून घ्या.